तेवीस नंबर

एप्रिलच्या पाच तारखेला पाणी तोडलं.
गोराईच्या वाडीत बासष्ट पेरू,
सगळे सरदार, गुटी कलमाचे,
खोडाला चुना नि गेरू, त्यावर नंबर.
दापोलीला तीन दिवस शिकून आले होते मी:
पेरूला तहान लावायची.
आळं उकरून वरची बारीक मुळं
उन्हाला दाखवायची,
मग तो घाबरतो, पानं टाकतो,
आणि मरायच्या भीतीनं फुलतो.
याला बहार धरणं म्हणतात.

दोमणिकला पटलं नाही. बोललाही नाही.
तीस वर्षं दिंडोशी डेपोत
बसचे करकरते दरवाजे गप्प करत आलेला माणूस,
निवृत्त झाल्यावर त्याला वाटायचं,
झाडांनाही रोज कोणीतरी
वाकून खालून बघावं.

मे महिन्यात वाडीचे खराटे झाले.
रेमेत कुंपणावरून म्हणाली,
"काय गो, कीड लागली का?"
मी म्हटलं, उपास चाललाय.
विहीर बुडाशी आलेली, पाणी मचूळ.
आणि रात्री दोनच्या सुमाराला
कप्पी करकरायची.
एकदा. थांबून पुन्हा एकदा.
दोन बादल्या.
मी कूस बदलायचे.
शेजारच्या उशीत खळगा, डोकं नाही.

"तेवीस नंबर पानं का टाकत नाही?"
चहा देताना मी विचारलं.
"मुळं खोल गेली असतील," तो बशीत बघून म्हणाला.
बशीत चहा होता.

जून सरता सरता एकसष्ट झाडं फुलली,
पानाच्या काखेकाखेत पांढरी फुलं,
मधे केसरांचा झुपका.
तेवीस नंबर नुसता पाल्यानं माजला.
तीन फुलं आली, तीही गळाली.

सप्टेंबरात बायका आल्या पिशव्या घालायला,
फिलू, बेबी, मनोरीची जासिंत,
एका फळाला साठ पैसे.
लिंबाएवढा पेरू, त्याला आधी फोमची जाळी,
वरून पिशवी, देठाशी गाठ.
फळमाशीला दिसू नये, पोपटाला सापडू नये,
उन्हाचा डाग नको, फांदीचा ओरखडा नको.
गिऱ्हाइकाला असा पेरू हवा
ज्याच्या अंगावरून काही गेलेलंच नाही.

दुपारी भाकरी सोडायला
सगळ्या एकाच झाडाखाली बसायच्या.
बाकीची छाटलेली, वाकवून सुतळीनं खुंट्यांना बांधलेली,
ती कसली सावली देणार.
नोव्हेंबरात काटाही तिथेच मांडला.
तिथेच पेट्या भरल्या, एकशे सात,
जेट्टीवरून बोटीत, पलीकडे बोरिवली,
पुढे टेम्पो.
जासिंतचं तान्हं तेवीस नंबरच्या फांदीला
झोळीत निजलेलं.
लाथ मारलीन की पानं हलायची,
पेट्यांवर उजेड सांडायचा,
आणि फिलूचा मोजताना आकडा चुकायचा.

झाडागणिक उत्पन्न मी वहीत लिहिते.
बावीस: वीस किलो.
तेवीससमोर रेघ मारली.
मग रेघ खोडून लिहिलं, सावली.
मग तेही खोडलं.
कर्जाच्या कागदांबरोबर ही वही
बँकेत दाखवावी लागते.
चोवीस: एकोणीस किलो.

यंदा पुन्हा एप्रिल.
पुन्हा आळी उकरली, मुळं उन्हात.
दोमणिकचा गुडघा आता धरतो,
पायरीवर थांबून तो
समुद्राकडे बघत असल्यासारखं करतो.
समुद्र त्या बाजूला नाही.

परवा तो मासळी आणायला गेला तेव्हा
मी कप्पी उतरवली,
गंज घासला,
शिलाई मशीनचं तेल सोडलं, सात-आठ थेंब.
फिरवून बघितली. परत चढवली.

काल रात्री काही ऐकू आलं नाही.
सकाळी तेवीस नंबरचं आळं ओलं होतं.